तळ्याच्या तळाचा चिखल

आमचं वर्कशॉप कुपवाडला आहे. छोटंच. लेथ, मिलिंग मशीन, मागच्या अंगाला वेल्डिंगचा कोपरा. नवरा मशीनवर असतो, मी ड्रॉइंग, माल आणि गिऱ्हाइकं बघते. पंपाचे शाफ्ट, बुश, सिलिंडरचे दट्टे असली कामं आमच्याकडे येतात. त्यामुळे एका उन्हाळ्याच्या तोंडावर पुण्याहून आलेल्या एक बाई "मला चिखल काढायची नळी करून हवी आहे" असं म्हणाल्या, तेव्हा नवऱ्याला वाटलं की बोअरवेलचं काम आलंय.

"किती खोल जायचंय?" त्यानं विचारलं.

"चिखल संपेपर्यंत," बाई म्हणाल्या.

माझ्याच वयाच्या असतील. उन्हानं रापलेल्या, खांद्याला कापडी पिशवी, बुटांवर वाळलेल्या मातीचे पोपडे. त्या शास्त्रज्ञ होत्या. तळ्यांच्या तळाशी वर्षानुवर्षं गाळ साचत जातो. तो जसाच्या तसा वर काढायचा आणि त्यात अडकलेले परागकण, कोळसा, पानं, वाळू बघून जुन्या काळी इथे पाऊस कसा होता ते शोधायचं, हे त्यांचं काम. पिशवीतून त्यांनी आधीच्या नळीचा तुकडा काढला. आतून खरवडलेला, तोंडाशी वाकलेला. ह्या नळीनं सगळा गाळ ढवळून टाकला होता. वरचा थर खाली आणि खालचा वर झाला की त्या गाळाला काही अर्थ उरत नाही, असं त्या म्हणाल्या.

मी कागद ओढला आणि सवयीनं विचारलं, "आतल्या व्यासाला प्लस-मायनस किती चालेल?"

बाई हसल्या. "हा प्रश्न ऐकून बरं वाटलं. माझ्या प्रत्येक उत्तराला प्लस-मायनस असतं, आणि लोकांना नेमकं तेच आवडत नाही."

मला ते नवल वाटलं. आमच्याकडे मापात किती कमी-जास्त चालेल ते न लिहिलेलं ड्रॉइंग आलं की आम्ही उलट फोन करतो, कारण ते काढणाऱ्याला मशीनवरचं काम ठाऊक नाही हे उघडच असतं.

चहा आला. गेल्या काही वर्षांपासून मनात असलेला प्रश्न मी त्यांना विचारला. आमचं घर सांगलीत, नदीपासून फार लांब नाही. मोठ्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं आणि आम्ही सगळे ह्याच वर्कशॉपच्या ऑफिसात, फायलींच्या कपाटाला पाठ लावून झोपत होतो. पाणी ओसरलं, भिंती वाळल्या, पण तो पूर का आला ह्यावरची भांडणं घरात अजून चालू होती. नवऱ्याचं म्हणणं, नदीच्या पात्रात माणसांनी घरं बांधली, नदीनं जायचं कुठे? शेजारच्या काकू म्हणायच्या, हे सगळं हवामान बदलाचं, आता दरवर्षी बुडायचं. आणि साताऱ्याहून माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, फोनवर ओरडायचे, "पूर काय आत्ताच यायला लागलेत व्हय? माझ्या बापानं बी बघितलेत!"

"मॅडम," मी म्हटलं, "तो पूर हवामान बदलामुळेच आला ना?"

बाईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मला माहीत नाही."

खरं सांगायचं तर माझी निराशाच झाली. टीव्हीवर येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, आणि ज्या बाईंनी आयुष्य ह्यात घालवलं त्यांना माहीत नाही!

त्यांनी माझा चेहरा वाचला असावा. "म्हणजे तुम्ही विचारलंत तसं, हो की नाही, असं मला सांगता येणार नाही. हवा तापतेय हे नक्की. आपण कोळसा आणि तेल जाळतोय म्हणून तापतेय, हेही नक्की. तापलेल्या हवेत वाफ जास्त मावते, हे तर तुम्हीसुद्धा शाळेत शिकला असाल. पण त्या आठवड्यात तुमच्यावर जे ढग फुटले त्यांत आपला वाटा किती, नदीतल्या बांधकामांचा किती, आणि नुसत्या नशिबाचा किती, हे वेगवेगळं काढावं लागतं. ते काम करणारे लोक आहेत. मी ते केलेलं नाही. मग मी कसं सांगू?"

त्या गेल्यावर नवरा म्हणाला, "बाई सरळ आहे."

नळी सोपी नव्हती. पातळ स्टीलची, आतून आरशासारखी गुळगुळीत, आणि आत एक दट्ट्या. नळी चिखलात खाली जाताना दट्ट्या दोरीनं जागेवर धरून ठेवायचा, म्हणजे तो गाळाला ओढून धरतो आणि वर काढताना गाळ सांडत नाही. आमचा पहिला दट्ट्या हवा सोडायचा. रबराचे वॉशर लावून बघितले, ते चिखलात चिकटून बसले. शेवटी नवऱ्यानं हातपंपात घालतात ते चामडी वायसर आणून तेलात भिजत ठेवले आणि ते बसवले. वर्कशॉपच्या मागे एका पिंपात चिखल कालवून आम्ही नळी घालून बघत होतो, तेव्हा शेजारच्या फॅक्टरीतली माणसं गाड्या लावता लावता थांबून हसत होती. पिंपातून अखंड, गुळगुळीत, चिखलाची दांडी बाहेर आली तेव्हा मात्र त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

नळी नुसती पाठवून द्यायला आमचा जीव होईना. तिचं काय होतंय ते बघायला आपणही जायचं असं ठरलं. ते तळं होतं पाटणच्या वरच्या अंगाला, सड्यावर. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार. आबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मीबी येतो. त्या बाईला चार प्रश्न इचारायचेत."

आबा तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. साताऱ्यात माझ्या भावाकडे राहतात आणि रोज सकाळी इतर पेन्शनरांबरोबर बसून जगाचा निकाल लावतात. त्यांच्या मते हवामान बदल हे घाबरवून पोट भरणाऱ्यांचं काम होतं. एसटीनं ते पाटणला आले, स्टँडवरून आम्ही त्यांना टेम्पोत घेतलं. इस्त्रीचा शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट. मी मनात म्हटलं, आज काही खरं नाही.

सड्यावर वारा असा होता की बोलणं अर्धं उडून जायचं. लांबवर पवनचक्क्या फिरत होत्या. चहूकडे काळातांबूस दगड, पिवळं गवत, आणि मधेच एका खळग्यात गर्द देवराई. तिला कुणी कुऱ्हाड लावत नाही. त्या झाडांच्या सावलीला ते तळं. उन्हाळ्यातही न आटलेलं, शांत, काळपट पाण्याचं. बाई आणि त्यांचे दोन विद्यार्थी ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूबांवर फळ्या बांधून केलेल्या तराफ्यावर होते. आदल्या दिवशी पुढे पाठवलेली आमची नळी त्यांनी सकाळपासून जोडून ठेवली होती.

आबांना धीर कुठला? काठावरूनच हाक दिली, "मॅडम, उद्याचा पाऊस तुमास्नी सांगता येत न्हाई, आन् शंभर वर्सांचं सांगताय. ते कसं काय?"

मला लाज वाटली. बाई मात्र तराफ्यावरून उतरून गुडघाभर पाण्यातून काठापर्यंत आल्या. "आबा, जूनमध्ये अमक्या तारखेला पाऊस पडेल का, मला माहीत नाही. पण मेपेक्षा जुलै ओला असेल हे तुम्ही पैजेवर सांगाल की नाही?"

"ते काय, कोणबी सांगंल."

"तसंच आहे. दिवस सांगणं वेगळं, ऋतू सांगणं वेगळं."

आबांनी मान हलवली, पण हार मानल्यासारखी नाही. "बरं. पर पाऊस आदीपन बदलायचाच की. तवा कुटं मोटारी हुत्या? मग आत्ताच गाजावाजा कशापायी?"

"हाच प्रश्न घेऊन मी इथं आलेय," बाई म्हणाल्या. "आधीही बदलायचा, खरंय. किती बदलायचा आणि कशानं, ते ह्या गाळात शोधतेय. एखादा बैल कधी बुजतच नसेल तर त्याच्या मागे फटाके वाजवले तरी काळजी नाही. पण हा पाऊस बुजतो. थोड्या कारणानंही बुजलाय पूर्वी. आणि आता आपण त्याच्या मागे केवढं वाजवतोय!"

 आबांनी पायातले बूट काढून दगडावर ठेवले आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

नळी खाली गेली. एक लांबी संपली की दुसरा दांडा आट्यांनी जोडायचा आणि पुन्हा दाबायचं. विद्यार्थी घामानं भिजले होते. नवरा तराफ्यावर दोरी धरून बसला होता, कारण दट्ट्यावर त्याचा दुसऱ्या कुणावर विश्वास नव्हता. मग चेनपुलीनं नळी वर येऊ लागली. चिखलानं ती इतक्या जोरात धरून ठेवली होती की तराफा एका बाजूनं पाण्यात दबला. सुटली तेव्हा खालून असा काही आवाज आला, जसा मोठ्या जनावरानं चिखलातून पाय उपसावा.

काठावर प्लास्टिक अंथरलं होतं. त्यावर गाळाची दांडी हळूच सरकवली. बाईंनी ताणलेल्या बारीक तारेनं ती लांबीत चिरली, आणि पुस्तक उघडावं तशी ती दोन बाजूंना उघडली.

मला वाटलं होतं, चिखल म्हणजे चिखल. आणि समोर पट्टेच पट्टे होते. काळा, मग राखाडी, मग लालसर, पुन्हा काळा. कुठे बोटभर जाडीचे, कुठे रेघेएवढे बारीक. वास यायचा ओल्या विहिरीचा. "ही रेघ," बाईंनी बोट न लावता दाखवलं, "एखाद्याच पावसाळ्याची असेल. ही सगळी जाड पट्टी, कित्येक पिढ्यांची." मी त्या रेघेकडे बघत राहिले. एक अख्खा पावसाळा, त्यातले ढग, कुणाचं तरी गळणारं छप्पर, कुणाची तरी पेरणी, हे सगळं उरलं होतं रेघेएवढं.

दांडीच्या खालच्या टोकाजवळ बाईंनी चिमट्यानं गाळ थोडा बाजूला केला आणि एकदम म्हणाल्या, "सगळे या. लवकर या!"

गाळात एक पान होतं. हिरवं. सुकलेलं नाही, काळं नाही. अगदी आत्ता देवराईतून गळून पडावं तसं, शिरा उठून दिसणारं, ओलं हिरवं पान. आम्ही वाकून बघतच होतो तेवढ्यात त्याच्या कडा तपकिरी झाल्या. मग रंग आत सरकत गेला. कुणी हात लावला नव्हता, फुंकर घातली नव्हती. डोळ्यांसमोर, एक श्वास घेऊन सोडावा तेवढ्यात ते पान काळं पडलं.

 वाऱ्याचासुद्धा आवाज मला आठवत नाही.

"काय झालं?" मी शेवटी विचारलं, कुजबुजत.

"हवा लागली," बाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज बदलला होता. "खाली हवा नव्हती, म्हणून ते तसंच राहिलं होतं. मी हे आयुष्यात दुसऱ्यांदाच बघतेय."

"किती जुनं आसंल?" आबांनी विचारलं.

"माहीत नाही. काही हजार वर्षं असावं. प्रयोगशाळेत तपासून कळेल. आणि तिथूनही एकच आकडा येणार नाही. ह्या काळापासून त्या काळापर्यंत, ह्याच्या मधे कुठेतरी, असं येईल."

मला वाटलं, आता आबा बाईंना धरणार. पण ते पानाकडे बघतच म्हणाले, "ब्रॅकेट."

"काय?"

"आमच्यात ब्रॅकेट म्हनायचे. पैला गोळा निशाणाच्या फुडं पडतो. दुसरा मागं टाकायचा. मग कळतं, निशाण मधी हाय. मग मधलं अंतर कमी कमी करत न्यायचं. नवशिक्याला वाटतं दोन्ही गोळे चुकले. चुकले न्हाईत. त्येंनीच तर निशाण घेरलं."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "आबा, हे मी माझ्या वर्गात सांगितलं तर चालेल?"

"सांगा की!" आबा म्हणाले, आणि लाजले. वडिलांना लाजताना मी फार क्वचित बघितलं आहे. मग थोडं सावरून त्यांनी जोडलं, "आन् हे पान जांभळीचं हाय."

"असेल," बाई हसत म्हणाल्या. "पण मी तपासल्याशिवाय लिहिणार नाही."

त्या दिवशी काठावर बसून भाकरी खाताना बाईंनी एक अंदाज सांगितला होता. गाळातली जाड राखाडी पट्टी बहुधा मोठ्या दुष्काळी काळाची, जंगल हटून गवत वाढलं असणार. आम्ही घरी येताना सगळ्यांना तेच सांगत आलो. सड्यावर एकेकाळी केवढा दुष्काळ पडला होता म्हणून. आबांनी तर साताऱ्याच्या कट्ट्यावर त्याचं व्याख्यानच दिलं.

पावसाळा गेला, दिवाळी झाली, आणि बाईंचा फोन आला. "तुम्हाला सगळ्यात आधी सांगतेय, कारण तुम्ही लोकांना सांगितलं असेल. माझा अंदाज चुकला. त्या पट्टीत जंगलातल्या झाडांचे परागकण खच्चून भरलेत. दुष्काळ नव्हता. काठाची दरड तळ्यात ढासळली असावी, कदाचित फार पाऊस झाला म्हणून. नक्की कळायला दुसऱ्या काठाला पुन्हा नळी घालावी लागेल. आणि आबांना सांगा, पान जांभळीचंच होतं."

त्या चुकल्या होत्या आणि आवाजात उत्साह मावत नव्हता. आमच्या धंद्यात माल परत आला की दोन दिवस कुणी कुणाशी बोलत नाही. मला त्या फोनचं किती तरी दिवस कौतुक वाटत राहिलं. स्वतःचा अंदाज मोडायला ज्यानं मदत केली त्या चिखलाबद्दल त्या बाई प्रेमानं बोलत होत्या.

आबांना सांगितलं. मला वाटलं, आता म्हणतील, बघ, मी म्हटलं नव्हतं? ते म्हणाले, "कट्ट्यावर जाऊन सुदारून सांगाया पायजे मला."

पुढच्या उन्हाळ्याआधी आमच्या घराजवळच्या वाचनालयानं बाईंना बोलायला बोलावलं. हॉल भरला होता, कारण पूर म्हटलं की आमच्या भागातली माणसं येतातच. आणि पहिलाच प्रश्न तोच आला, जो मी चहा पिताना विचारला होता. बाईंनी तेच उत्तर दिलं. मग आपला अंदाज कसा चुकला तेही सांगितलं.

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. "म्हणजे तुम्हीच कबूल करताय की तुम्हाला कळत नाही. उद्या हवा तापतेय हेही चुकलं म्हणाल."

"पट्टीबद्दल माझा एकटीचा अंदाज होता, एका तळ्यावरून केलेला," बाई म्हणाल्या. "हवा तापतेय हे जगभरच्या माणसांनी, एकमेकांच्या चुका काढत, वेगवेगळ्या मार्गांनी मोजलंय. समुद्रात, बर्फात, जमिनीत. उद्या कुणी ते खोटं ठरवलं तर मला आनंदच होईल हो. मलाही मुलं आहेत. पण इतकी माणसं इतकी वर्षं खपली, तरी अजून कुणाला ते जमलेलं नाही."

ते गृहस्थ निघून गेले. त्यांच्यामागे आणखी काहीजण गेले. सगळ्यांना पटलं असं म्हणणं खोटं होईल. पण मागे बसलेली एकजण उभी राहिली आणि तिनं विचारलं, "मॅडम, आमचं नदीकडचं घर पाडून नवीन बांधायचंय. मी काय करू, तेवढं सांगा."

बाई म्हणाल्या, "पुढचा पूर कधी येईल ते मला माहीत नाही. पण मी तुमच्या जागी असते तर जोतं मागच्या पुराच्या खुणेच्या वर घेतलं असतं, आणि तेवढ्यावर न थांबता अजून थोडं वर. तेवढं सांगण्याइतकं नक्की माहीत आहे."

ती बाई मान डोलवून खाली बसली.  घरी परतताना गेटशी आल्यावर नवरा म्हणाला, "आपण वरची खोली बांधून घेऊ या. सामान वर राहील." पुराच्या कारणांवरून आमच्यात झालेल्या भांडणांत पहिल्यांदाच, कोण बरोबर कोण चूक ते न ठरवता, काहीतरी करायचं ठरलं.

उन्हाळ्यात आम्ही पुन्हा सड्यावर गेलो. ह्या खेपेला नळी जरा लांब केली होती, आणि आबा आमच्याआधीच पोचले होते. दुसऱ्या काठाला गाळ खोल निघाला. एकामागून एक दांडे जोडत गेलो. दुपार कलली. मग नळी एकदम थांबली. वरून दाबलं तरी जाईना. नवऱ्यानं दांड्याला कान लावला आणि आम्हाला बोलावलं. दांडा फिरवला की खालून खरखर ऐकू येत होती. दगड.

"तळ लागला," बाई म्हणाल्या, आणि चिखलानं भरलेले हात तोंडावर दाबून तशाच उभ्या राहिल्या.

शेवटची दांडी उघडली. वर काळा गाळ, मग फिका, मग आणखी फिका, आणि अगदी टोकाला बोटभर तांबडी खडी. जांभ्याचे बारीक खडे, स्वच्छ, कोरडे असावेत तसे. त्यात पान नव्हतं, काडी नव्हती, काळेपणा नव्हता.

"ह्या खड्यांच्या वेळी इथं तळं नव्हतं," बाई म्हणाल्या. "नुसता उघडा दगड. मग ही पहिली काळी रेघ. पाणी पहिल्यांदा इथं थांबलं, तेव्हाची."

आबांनी विचारलं, "हात लावू?"

"खड्यांना लावा. ते माझ्याकडे भरपूर आहेत."

आबांनी उकिडवं बसून दोन बोटांत एक खडा उचलला. उन्हात धरून बघितला. त्यांच्या मागे तळ्याचं पाणी सोनेरी झालं होतं, देवराईत पाखरं परतत होती, आणि पवनचक्क्यांच्या सावल्या दगडांवरून लांब लांब फिरत होत्या. ज्या दिवशी पाणी पहिल्यांदा थांबलं त्या दिवसाला साक्षीदार कोणी नव्हतं. आणि आम्ही पाच-सहा जण, कुपवाडच्या नळीनं, त्याच्यापर्यंत हात पोचवला होता.

"एवडं थांबलं आन् साचत ऱ्हायलं," आबा हळूच म्हणाले, "कुनाला न सांगता."

त्यांनी खडा जिथून उचलला होता तिथेच परत ठेवला. मग विद्यार्थ्यांनी दांडी प्लास्टिकमध्ये गुंडाळली, वर-खाली चुकू नये म्हणून दोन्ही टोकांना खुणा केल्या, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून, झोपलेलं मूल उचलावं तशी, ती टेम्पोत नेऊन ठेवली.